डोळे न दुखणारा माणूस

परशुरामपंत घैसासांना आपल्या डोळ्यांचा फार गर्व होता. कुणाला घराण्याचा असतो, कुणाला जमिनीचा, कुणाला गोऱ्या रंगाचा, यांना डोळ्यांचा. दिसायला ते डोळे चारचौघांसारखेच होते, जरा बटबटीतच म्हणा. पण मासुंदा तलावाच्या आसपास राहणाऱ्या ठाण्यातल्या झाडून सगळ्या शहाण्या मंडळींनी मान्य करून टाकलं होतं, की घैसासांसारखी नजर जिल्ह्यात कुणाची नाही. शहाण्या मंडळींचं हे असंच असतं. एखाद्याने मोठ्या आवाजात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की पुढे पुढे ती आपल्यालाच सुचली होती असं त्यांना वाटायला लागतं.

पंत कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. तिथे त्यांनी आयुष्यभर काय केलं ते थोडक्यात सांगता येतं. साहेब काही म्हणाला की ते बरोबर आहे असं पंत सांगत. हाताखालच्या कारकुनांचं मात्र त्यांना कधी काही बरोबर आढळलं नाही. एखाद्याने उन्हाळ्यात डोकं दुखतं म्हणून सुटी मागितली, तर पंत त्याला उभा करून विचारत, "डोकं आहे का तुला? मग दुखेल कसं?" आणि बाकीचे कारकून मान खाली घालून हसत. न हसून करतात काय.

सन १८७२ च्या सुमारास एकदा पंत कागदांवर सही घ्यायला साहेबाच्या बंगल्यावर गेले. साहेब खुशीत होता. टेबलावर विलायतेहून आलेलं एक यंत्र पडलेलं होतं. तोंडाला मुखवटा लावावा तशी पुढे लाकडी झडप, तिच्यात दोन भिंगं, खाली धरायला मूठ, आणि समोर एक लांब पट्टी. पट्टीवर जाड पुठ्ठ्याचं कार्ड उभं करायचं. कार्डावर एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले असत. एक डाव्या डोळ्याने पाहावं तसा, दुसरा उजव्याने. भिंगांतून पाहिलं की दोन्ही एक होत आणि सपाट चित्राला खोली येई. झाड पुढे, घर मागे, आणि मधली जागा मोकळी. यंत्राचं नाव स्टिरिओस्कोप. पुढे ठाण्यात लोक त्याला घैसासांची दुर्बीण म्हणायला लागले. "दुर्बीण खलाशाच्या हातात असते," असं पंत दर वेळी सुनावत, आणि लोक दुर्बीणच म्हणत.

साहेबाने पंतांच्या हातात यंत्र दिलं. कार्ड होतं मिसर देशातल्या एका पडक्या देवळाचं. खांबामागे खांब, त्यामागे खांब.

"पाहिलंस, घैसास? थेट आत चालत जावंसं वाटतं की नाही?"

पंतांनी पाहिलं. त्यांना एक फोटो दिसला. कचेरीत राणीसाहेबांचा होता तसाच, सपाट, फक्त राणीसाहेबांच्या जागी खांब.

"येस सर," पंत म्हणाले. "वंडरफुल, सर."

पुढचं सगळं या एका 'येस सर'मधून निघालं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. पंतांच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून जवळजवळ दिसत नव्हतं, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. डोळा हलायचा, मिटायचा, त्याला पाणी यायचं, पण काम सगळं उजवा करायचा. तीस वर्षं हजेरी लावून पगार खाणाऱ्या एखाद्या कारकुनासारखा तो डावा डोळा चेहऱ्यावर बसून होता. असा कारकून पंतांनी नेमका हुडकून काढला असता. स्वतःच्या नाकाशेजारचा मात्र त्यांना सापडला नाही. दोन डोळ्यांनी मिळून बघायचं असतं म्हणजे काय, हे त्यांनी कधी अनुभवलंच नव्हतं, त्यामुळे आपल्याला काही कमी आहे हेही त्यांना कळलं नव्हतं. इथवर त्यांचा काही दोष नाही. दोष पुढे आहे.

साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. पंतांनी यंत्र आणि कार्डांची पेटी उचलली, आणि पेन्शन झाल्यावर दर रविवारी दुपारी आपल्या ओटीवर बैठक सुरू केली. वकील, मास्तर, कचेरीतली मंडळी, झाडून सगळे येत. आमंत्रण नसे, पण न येणाऱ्याची चर्चा होई, म्हणून येत. पंत एकेक कार्ड लावत आणि एकेकाच्या हातात यंत्र देत. मग स्वतः बाजूला उभे राहून वर्णन सुरू करत. वर्णन संपेपर्यंत यंत्र खाली ठेवायचं नाही असा दंडक होता. पंतांचं वर्णन तर लांबत जाई.

बघणाऱ्याला आपल्या नजरेप्रमाणे कार्ड जवळ-लांब करता यावं म्हणून यंत्राच्या पट्टीवर एक सरकती चौकट असे. कुणाला चित्र वीतभर अंतरावर नीट दिसतं, कुणाला त्याहून लांब. नीट जागा सापडली की डोळे निवांत होतात, नाही सापडली की ताणतात. पंतांनी ती चौकट स्वतःला बऱ्या वाटणाऱ्या जागी आणली आणि तिथे खिळा ठोकला.

"एकदा योग्य जागा ठरली की ठरली," ते म्हणाले. "ज्याने त्याने सरकवत बसायला हा काय देव्हाऱ्याचा पाट आहे?"

त्या खिळ्याने ठाण्यात पुष्कळ डोकी दुखवली. भिंगातून बघता बघता माणसांचे डोळे पाणावत, कपाळाच्या मध्ये कळ उठे. कुणी रुमालाने डोळे टिपले की पंत वर्णन थांबवत.

"काय झालं?"

"काही नाही, जरा डोळे दुखायला लागले."

"माझे नाही दुखत. मी सकाळपासून तीनदा पेटी पाहिली." मग ते सगळ्यांकडे वळत. "डोळे दुखतात म्हणजे त्यांना काम नको असतं. डोळा हा मेंदूचा शिपाई. मालक आळशी असला की शिपाई झोपा काढतो."

हे ऐकून घेणाऱ्यांत दोन बी.ए. होते. दोघांनी माना डोलावल्या.

यंत्र पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांतले पुष्कळजण एक गोष्ट करत. बघता बघता त्यांचा मोकळा हात नकळत पुढे जाई, कार्डाच्याही पलीकडे, आणि हवेत काहीतरी चाचपी. पंतांना याची भारी गंमत वाटे. फोटोला हात लावायला जाणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी आरशातल्या चिमणीला दाणे घालणारा. सुरुवातीला एक-दोन कुळवाडी आणि चेंदणीचा एक कोळी अशा माणसांनी हात पुढे केला, तेव्हा पंत नुसते हसले. पण एकदा हा प्रकार कल्याणच्या महिपतराव कर्णिकांकडून घडला.

महिपतराव म्हणजे मोठे वकील. ठाण्याच्या कोर्टात कामाला येत, तेव्हा पांढरी पगडी आणि काळा डगला पाहून पट्टेवाले बाजूला होत. बोलणं मोजकं. ते पहिल्यांदा पंतांच्या ओटीवर आले त्या रविवारी पंतांनी त्यांना मान म्हणून मिसरच्या देवळाचं कार्ड लावून दिलं. महिपतराव बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांना तो खिळा योगायोगाने मानवला असावा. मग त्यांचा उजवा हात हळूच वर आला, पुढे गेला, आणि त्याची बोटं एखाद्या खांबावरून फिरावीत तशी हवेत फिरली.

पंत हसले. आधी घशात, मग मोठ्याने. ओटीवरची मंडळी क्षणभर घुटमळली, आणि मग यजमान हसताहेत म्हणून तीही हसली.

"वकीलसाहेब, खांब धरून कुठे निघालात? पुढची तारीख मिसरच्या कोर्टात लागलीय का?"

महिपतरावांनी यंत्र खाली ठेवलं. कान लाल झाले होते. "चित्र फार सुरेख आहे," एवढंच म्हणून ते गाडीच्या वेळेला उठले.

एवढ्यावर थांबले असते तर ते पंत कसले. पुढे कित्येक रविवार ती हकीकत चालू राहिली. नवा माणूस आला की पंत महिपतरावांची नक्कल करून दाखवत; हवेत बोटं, तोंड उघडं. हळूहळू तिच्यात भर पडली. वकिलांनी खांबाला नमस्कार केला, असंही एकदा आलं. कोर्टातले कारकून महिपतरावांना पाठीमागे 'खांबवाले' म्हणायला लागले. महिपतराव त्यानंतर त्या ओटीवर चढले नाहीत. त्यांच्या पत्नी रखमाबाई मात्र ठाण्याला माहेरी आल्या की पंतांच्या घरी येत. त्यांची आणि पंतांच्या पत्नीची, आवडाबाईंची, जुनी ओळख होती.

साहेबाची कार्डं जुनी झाली, तेव्हा पंतांनी स्वतःची करायची ठरवली. मुंबईहून एक फोटोग्राफर बोलावला. त्याने मासुंदा तलावाच्या पायऱ्या, कौपिनेश्वराचं देऊळ, खाडीवरचं मिठागर अशा जागा निवडल्या. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा अंमळ बाजूला सरकवायचा, आणि दुसरा घ्यायचा. मिठागरावर मधल्या वेळात एक बाई मिठाची पाटी घेऊन चौकटीतून निघून गेली, त्यामुळे ती एकाच फोटोत आली, पण बाकी काम माणसाने नीट केलं. फोटो सुटे देताना तो म्हणाला, "चिकटवायचं माझ्याकडे द्या. दोन्ही एका रेषेत यायला लागतात, आणि डावं डावीकडेच. माझ्याकडे त्याचं माप आहे."

"चिकटवायला माप कशाला?" पंत म्हणाले. "जन्मभर सरकारी लखोटे चिकटवले मी."

आणि त्यांनी खळ शिजवून घेतली, कात्री घेतली, आणि एका दुपारी सगळी कार्डं तयार केली. कुठे एक फोटो दुसऱ्यापेक्षा तांदळाएवढा वर गेला, कुठे तिरपा बसला. निम्म्या कार्डांवर डावा उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे. पंतांनी एकेक यंत्रात लावून तपासलं. प्रत्येक स्वच्छ दिसलं. दिसणारच, कारण त्यांचा एकच डोळा एकच फोटो बघत होता. शेजारी काय चिकटवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

दोन डोळे असलेल्या माणसांची मात्र त्या कार्डांनी दैना केली. फोटो वरखाली असला की एक डोळा वर ओढला जातो, दुसरा खाली, आणि दोघांची चित्रं काही केल्या जुळत नाहीत. डावं-उजवं उलटलं असलं की त्याहून वाईट. तलावाच्या पायऱ्या पाण्याच्या खाली जात आणि पाणी त्यांच्यावर काचेसारखं पुढे येई. देवळाचा कळस खड्ड्यासारखा आत जाई. माणसाला वाटे, आपण उलटे टांगलेलो आहोत. त्या पहिल्याच रविवारी शाळेचे हेडमास्तर "वा, वा, खोली काय आहे!" असं म्हणत शांतपणे उठले, बोळात गेले आणि तिथे ओकले. परत येऊन पुन्हा "वा" म्हणाले.

यातला एकही जण बोलला नाही. बोलणं म्हणजे आपला मेंदू आळशी आहे हे कबूल करणं. पंतांना लोकांचे पिळवटलेले चेहरे दिसत होते, आणि ते त्यातून आपल्याला हवा तोच अर्थ काढत होते.

"विलायती कार्डं काय, कुणीही पाहील," ते म्हणत. "माझी पाहायला नजर पाहिजे."

सगळ्यांत हाल आवडाबाईंचे. प्रत्येक नवं कार्ड आधी त्यांना बघावं लागे, कारण शुक्रवारी दुपारी माजघरात बायकांना यंत्र दाखवायचं काम पंतांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. कार्ड बघून त्या कपाळाला सुंठीचा लेप लावून बसत. पंत येऊन त्या लेपाकडे पाहत.

"पुन्हा?"

"उतरेल थोड्या वेळाने."

"तुझ्या माहेरी सगळ्यांचीच डोकी अशी. तुझे वडील पोथी वाचतानासुद्धा झोपायचे."

 एका शुक्रवारी कौपिनेश्वराच्या देवळाचं कार्ड बघताना आवडाबाईंची कळ इतकी वाढली, की त्यांनी झडपेच्या आतल्या आत डावा डोळा मिटून घेतला. कळ थांबली. कळस जागेवर आला. चित्र साधं फोटोसारखं झालं, पण शांत. डोळा उघडला की पुन्हा कळ. मिटला की शांत. भिंगांभोवतीची लाकडी झडप चेहऱ्याला घट्ट बसत असे, त्यामुळे आत कुणाचा डोळा मिटलाय की उघडा, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी ते रखमाबाईंना सांगितलं. रखमाबाईंनी माहेरच्या शेजारणीला. पावसाळा संपायच्या आत आळीतल्या सगळ्या बायका एक डोळा मिटून बघायला लागल्या, आणि मग त्यांनी घरी नवऱ्यांना सांगितलं. रविवारच्या बैठकीतले सुस्कारे बंद झाले. रुमाल खिशात राहिले. माणसं यंत्र डोळ्याला लावून पंतांचं वर्णन शेवटपर्यंत ऐकत, आणि खोलीची तारीफ करत.

पंतांना कृतकृत्य वाटलं. "तीन वर्षं लागली," ते सांगत, "पण गावाचे डोळे मी तयार केले."

आता ठाण्यातली सगळी सुशिक्षित मंडळी पंतांना दिसायचं तेवढंच बघत होती, आणि पंतांइतकीच आरामात होती.

सन १८८१ च्या चैत्रात पंतांच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. साधीच, पण त्यांनी ती नखाने फोडली आणि पापणी लिंबाएवढी सुजली. डॉक्टरने औषध घालून डोळ्यावर पट्टी बांधली आणि चार दिवस उघडायची नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंत ओटीवर येऊन बसले.

"अगं, खिडक्या उघड," ते म्हणाले.

"उघड्याच आहेत," आवडाबाई म्हणाल्या.

"धुकं पडलंय का?"

"चैत्रात कसलं धुकं?"

पंतांनी वर्तमानपत्र मागितलं. ते नाकाला लावलं, लांब धरलं, उलटं करून पाहिलं. काळ्या रांगोळीसारखं काहीतरी दिसत होतं. छपाई बिघडलीय म्हणून त्यांनी ते फेकलं. मग पट्टीने चांगल्या डोळ्यावर ताण आलाय असं ठरवलं. मग डॉक्टर गाढव आहे असं ठरवलं. पट्टी सुटेपर्यंत ते घरात भिंतीला हात लावत फिरले आणि जो भेटेल त्याला डॉक्टरचं गाढवपण समजावून सांगितलं.

पट्टी सुटली. सगळं पहिल्यासारखं स्वच्छ झालं. दुसरा एखादा विसरून गेला असता, पण पंत कचेरीतले जुने माणूस. चूक कुणाची ते ठरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते आरशासमोर उभे राहिले आणि उजवा डोळा हाताने झाकला. धुकं. हात काढला. स्वच्छ. डावा झाकला. काहीच फरक नाही. असं त्यांनी बराच वेळ केलं. मग यंत्र काढलं, साहेबाचं देवळाचं कार्ड लावलं, आणि डावा डोळा मिटून पाहिलं, मग उघडून पाहिलं. दोन्ही वेळा तोच फोटो. तसाच सपाट.

दुपारी आवडाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंत दारात येऊन उभे राहिले.

"तो कर्णिक वकील," ते म्हणाले. "त्याने हात का पुढे केला होता?"

आवडाबाईंनी वर पाहिलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"समोर होतं म्हणून."

"काय समोर होतं?"

"खांब."

"फोटो होता तो."

"फोटोच. पण खांब समोर येतो ना. त्याच्या अलीकडे जागा असते, पलीकडे जागा असते. धरता येईलसा वाटतो."

पंत म्हणाले, "तुलाही वाटलं?"

"पहिल्या दिवशी वाटलं. मी हात पदराखाली धरून ठेवला. तुम्ही हसला असता."

ही बाई इतकी वर्षं त्यांच्या घरात होती. तिला असं काही दिसलं होतं जे त्यांना उभ्या जन्मात दिसणार नव्हतं, आणि ते दिसताना तिने हात दाबून धरला होता, कारण शेजारी हे उभे होते. दुसरा कुणी असता तर खाली बसला असता. पंतांनी पुढचा प्रश्न विचारला.

"आणि माझ्या कार्डांत? तलावात?"

"तुमच्या कार्डांनी डोकं दुखतं," आवडाबाई शांतपणे म्हणाल्या. आता सांगायला निघाल्याच होत्या, तर सगळंच सांगितलं. "म्हणून एक डोळा मिटून घेते. सगळ्याच घेतात."

"सगळ्या कोण?"

"आळीतल्या. आणि त्यांचे यजमान."

त्या दिवशी पंत जेवले नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं. ते जेवले. दोनदा भात घेतला. पण त्यानंतरचे काही दिवस ते दुपारी दार लावून, उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून, कार्डांसमोर बसत. डाव्या डोळ्याला ते शिकवत होते. त्याला दटावत असावेत. आतून आवाज येई. डोळा शिकला नाही. त्या बंद दाराआड त्यांना काय वाटलं असेल ते असेल, मी त्याची थट्टा करणार नाही. बाहेर आल्यावर त्यांनी जे केलं, त्याबद्दल मात्र कुणी मला आडकाठी करू नये.

गावच्या वाचनालयात त्यांनी व्याख्यान ठेवलं. विषय: स्टिरिओस्कोप आणि दृष्टीची फसवणूक. टाळ्यांच्या आधी, टाळ्यांच्या मध्ये आणि टाळ्यांनंतर त्यांनी एकच सांगितलं. हे यंत्र खोटं आहे. जिथे जागा नाही तिथे ते जागा दाखवतं. वर्षानुवर्षं आपण त्याची कसून परीक्षा घेतली, आणि आता निकाल देत आहोत. ज्याला सपाट कागदावर खोली दिसते त्याची बुद्धी भ्रमाला बळी पडणारी आहे, आणि ज्याला सपाट कागद सपाटच दिसतो तो खरा डोळस. डोळे दुखतात ते याच कारणाने. सत्य आणि असत्य यांची डोळ्यांत झटापट होते म्हणून.

"माझे डोळे मात्र," ते म्हणाले, "कधीच दुखले नाहीत."

हे तेवढं खरं होतं. लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी उठून आभार मानले आणि सांगितलं, की आपल्यालाही सुरुवातीपासून यंत्राबद्दल शंका होतीच. एक डोळा मिटून घेत होतो, हे कुणी कबूल केलं नाही. आवडाबाईंना घरी ऐकायला मिळालं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मग आता ते अडगळीत टाकू का?" पंत म्हणाले, "टाक."

ही बातमी कल्याणला पोचली. आठवड्याभरात महिपतराव गाडीने आले. कित्येक वर्षांनी ते त्या ओटीवर चढले, आणि उभ्या उभ्याच बोलले.

"परशुरामपंत, तुम्हाला ते नको असेल तर मला द्या. साहेबाच्या कार्डांसकट. म्हणाल ते देईन."

"त्या खेळण्याला घेऊन काय करणार, वकीलसाहेब?"

"बघणार," महिपतराव म्हणाले. "मला त्यात फार बरं वाटलं होतं."

पंतांना हसू आलं नाही. "पैसे नकोत, तसंच घ्या," ते म्हणाले. "विकायला मी कासार नाही. उद्या गडी पाठवून देतो."

आणि त्या दुपारी त्यांनी अडगळीतून यंत्र काढलं, चाकूने झडपेच्या आतली लाकडी कड उचकटली, डाव्या बाजूचं भिंग काढून घेतलं आणि परसातल्या विहिरीत टाकलं. मग कड परत बसवली. दुसऱ्या दिवशी गड्याने यंत्र कल्याणला नेऊन दिलं. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्यालाही मिळू नये, यापलीकडे त्यात काही हेतू नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे पंतांनी आयुष्यात स्वतःच्या बुद्धीने केलेलं हे एकमेव काम, आणि तेही त्यांना धड जमलं नाही. महिपतरावांनी पेटी उघडली, एक भिंग नाही हे पाहिलं, मुंबईला जाऊन चष्मेवाल्याकडून तसंच दुसरं घासून आणलं, आणि बसवताना पट्टीवरचा खिळाही उपटून टाकला. ठाण्याला त्यांनी याबद्दल एक अक्षर कळवलं नाही.

माघात रखमाबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आवडाबाई कल्याणला गेल्या. बायकांची ओटी-गाणी आटपल्यावर रखमाबाईंनी यंत्र आणून त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "ही चौकट आता सरकते. तुम्हाला बरं वाटेल तिथे थांबवा." आवडाबाईंनी चौकट जरा लांब नेली, मग जराशी जवळ आणली. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी साहेबाची सगळी पेटी पाहिली. बर्फाचे डोंगर पाहिले, देऊळ पाहिलं, एका नदीवरचा पूल पाहिला आणि त्या पुलावरून जाणाऱ्या बाईची छत्री पाहिली. कुणी वर्णन करत नव्हतं. डोकं दुखलं नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनी रखमाबाईंना पुन्हा येऊ का म्हणून विचारलं, आणि मग बऱ्याचदा जात राहिल्या. पंतांना त्या सांगून जात. पंतांना आता दुसरं काम होतं.

डोळे सोडून त्यांनी आता कान धरले होते. ठाण्यात तेव्हा दोन-तीन घरांत बाजाची पेटी आली होती. पंतांनी जाहीर केलं, की पेटीचा सूर सहन होणारा माणूस जन्मतः बहिरा असतो, आणि आपला कान जिल्ह्यात सगळ्यांत तयार आहे. रविवारची बैठक पुन्हा भरली. हेडमास्तर आले, दोन्ही बी.ए. आले, कचेरीतली मंडळी आली. पंत तंबोऱ्याची एक तार छेडत आणि विचारत, "फरक कळला?" सगळे म्हणत, कळला. ज्यांच्या घरी पेटी होती त्यांनी ती माळ्यावर टाकली.

सन १८८८ मध्ये पंत तापाने गेले. अंत्ययात्रेला गाव लोटलं, भाषणं झाली, जिल्हा पोरका झाल्याचं दोघांनी सांगितलं. आवडाबाई कल्याणला भावाकडे राहायला गेल्या. मंडळींना रविवारची दुपार काही आठवडे फार सुनी सुनी गेली. मग ती सगळी टेंभी नाक्याजवळच्या एका पेन्शनर ओव्हरसियरकडे जाऊन बसायला लागली. तो गार पाण्याच्या अंघोळीवर बोलत असे, आणि पौषात सगळ्यांना सर्दी झाली.